नोंदवहीत नसलेले दुखणे

गरीब कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी देणारी आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली, आणि गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्याच्या खर्चाची तजवीज तीत झाली. परंतु खाली सरकलेले तेच गर्भाशय जागच्या जागी धरून ठेवणारी, काही शे रुपयांत मिळणारी, भूल न देता, टाका न घालता आणि रुग्णालयात एक रात्रही न काढता बसवता येणारी साधी रिंग मात्र त्या योजनेच्या कक्षेत येत नाही, कारण खाटेवर दाखल न होता बाह्यरुग्ण विभागात घेतलेला उपचार योजनेच्या लेखी उपचारच नव्हे. हा भेद कोणी दुष्ट हेतूने केला, असे मला सुचवावयाचे नाही. जमाखर्च मांडणाऱ्या कारकुनाला खाटा मोजता येतात, दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख मांडता येते, शस्त्रक्रियेचा दर मंजूर करून घेता येतो. रिंग बसवून आपल्या पायांनी घरी गेलेल्या बाईसाठी त्याच्या वहीत रकानाच नसतो. आणि वहीत ज्याला रकाना नाही, त्याची मागणी नाही, त्याचा साठा नाही, त्याचे शिक्षण नाही, असा हा सरळ हिशेब चालत आलेला आहे.

अंग बाहेर येणे या नावाने मराठी बायका ज्या दुखण्याविषयी आपापसांत, तेही दार लोटून, बोलतात, त्याचे स्वरूप तसे गूढ नाही. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारे स्नायू आणि बाजूंनी आवळून ठेवणारे बंध बाळंतपणात ताणले जातात. लागोपाठच्या प्रसूती, फार वेळ रेंगाळलेल्या कळा, गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्यापूर्वीच ‘जोर कर’ म्हणून सुईणीने लावलेला तगादा, आणि बाळंतपणाची ओल अंगावर असतानाच डोक्यावर चढलेला हंडा किंवा भारा, यांमुळे ते पूर्ववत होण्याची संधी हुकते. पुढे चुलीच्या धुराने जडलेला खोकला, मलावरोध आणि ऋतुनिवृत्तीनंतर येणारा रुक्षपणा ही कारणे उरलेसुरले बळ घेऊन जातात, आणि मग एके दिवशी पाणी भरताना किंवा शौचाला बसली असताना आपल्या शरीरातून काहीतरी खाली उतरले आहे, हे त्या स्त्रीच्या हाताला लागते. प्रारंभी ते निजल्यावर आपोआप आत जाते. पुढे बोटाने सारावे लागते, आणि कित्येकींना लघवीसाठी वा शौचासाठी दर वेळी ते वर दाबून धरावे लागते. या दुखण्याने सहसा कोणी मरत नाही. त्याच्याकडे लक्ष न जाण्याचे अर्धे कारण, मला वाटते, यातच आहे.

मी लखनौला येऊन राहिले त्याला बराच काळ लोटला. भातखंडे यांनी पुढाकार घेऊन १९२६ साली येथे संगीताचे महाविद्यालय उभारले तेव्हापासून मराठी माणसाला हे शहर अगदीच परके उरलेले नाही, आणि येथल्या अदबीच्या बोलण्याची एकदा सवय जडली की पुण्यामुंबईचे तुटक बोलणे कानाला खुपू लागते. पण त्याच अदबीपायी अवघड गोष्टी येथे फार सुरेख रीतीने बोलायच्या राहून जातात. चौकाच्या पलीकडल्या एका गल्लीत राहणारी आणि चिकनचे भरतकाम करणारी एक प्रौढ बाई, जिला सगळा मोहल्ला आपा म्हणतो आणि मीही म्हणते, आमच्याकडे कुर्ते दाखवायला येई तेव्हा ती कधी नीट मांडी घालून बसत नसे; एका अंगावर कलून, पाय एका बाजूला घेऊन, घटकेघटकेला जागा बदलीत बसे. सुई हातात घेऊन दिवसचे दिवस बैठक न मोडणे हाच जिचा उदीम, तिने असे अवघडून बसावे याचे मला नवल वाटे. विचारले तर ‘घुटनों में दर्द है, भाभी’ एवढेच उत्तर मिळे. गुडघे ठणठणीत होते. धाकट्या लेकीच्या जन्मापासून तिचे अंग बाहेर येत होते, आणि ती लेक आता स्वतः लेकुरवाळी झाली होती. जुन्या सुती दुपट्ट्याची घडी कसून बांधून आपाने मधली सारी वर्षे काढली होती. नवऱ्याला ठाऊक होते. सुनेला संशय होता. बाकी कोणाला काही नाही.

तिला घेऊन मी एका रुग्णालयात गेले. तपासणाऱ्या डॉक्टरने पडद्याआड पाहून कागदावर शस्त्रक्रिया लिहिली, रक्ताच्या चाचण्या लिहिल्या, आणि पुढच्या बाईला हाक मारली. रमजान तोंडावर आलेला, ईदेच्या मागणीचे काम अंगावर घेतलेले, आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे ओझे उचलावयाचे नाही ही अट घरात कोणाला पेलणारी नाही, अशा अवस्थेत आपाने तो कागद घडी करून बटव्यात ठेवला आणि पुन्हा दुपट्टा कसला. शस्त्रक्रिया आणि दुपट्टा यांच्या मधोमध तिसरे काही असू शकते, हे त्या पडद्याआड कोणी बोलले नव्हते. ते पुढे एका वयस्क स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे कळले.

त्या बाईंनी टेबलाच्या खणातून निरनिराळ्या मापांच्या रिंगा काढल्या. बांगडीएवढ्याच घेराची, पण दाबली असता मधोमध दुमडणारी, आणि सोडली की पुन्हा गोल होणारी अशी ती वस्तू; काही पीव्हीसीच्या, काही सिलिकोनच्या. गर्भाशयमुखामागच्या खोबणीपासून पुढल्या जघनास्थीपर्यंतचे अंतर बोटांनी अजमावून त्यांनी एक निवडली, तिला जेली लावली, दुमडून आत सारली आणि आडवी होऊ दिली. ती नीट बसली की नाही याची कसोटी साधी आहे: रिंग आणि योनीची भिंत यांच्या मधून बोट सहज फिरले पाहिजे. ते अडले तर रिंग रुतून जखम करील, आणि फार सैल असेल तर पहिल्या खोकल्यालाच निसटेल. आपाची पहिली रिंग निसटली. तिच्याहून एक माप मोठी घातल्यावर आपाला व्हरांड्यातून चालवले, जिना चढवला, खोकावयास लावले, उकिडवे बसवले आणि लघवीला पाठवले. लघवी झाल्यावाचून घरी सोडावयाचे नाही, हा त्या बाईंचा शिरस्ता, आणि तो शहाणपणाचा आहे, कारण अवाजवी मोठी रिंग मूत्रमार्ग दाबून लघवी तुंबवू शकते. विलायती माहितीपत्रके खुर्चीसारख्या शौचकूपावर बसणारी बाई डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात; आपल्याकडे उकिडवे बसून जोर करताना रिंग सुटण्याचे भय अधिक, तेव्हा त्या वेळी बोट लावून ती थोपवून धरावी, एवढी एक सूचना आमच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या अनुभवातून दिली. मग काढावयाचे शिकवले: तर्जनी आत घालून कड पकडावयाची, रिंग किंचित तिरपी करून ओढावयाची, साबण आणि पाण्याने धुवावयाची, दुमडून पुन्हा आत. आपाने तो ‘छल्ला’ पुढच्या खेपेला त्यांच्यासमोर आपल्या हाताने काढून आपल्या हाताने बसवला. मलमलीचा एकही धागा न तोडता ते नुसते बाजूला सारून जाळी उमटवणाऱ्या बोटांना यात काय अवघड? अशिक्षित बाईला हे जमावयाचे नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा चिकनचे काम जवळून पाहावे.

या शहराचा आणि बायकांच्या अव्यक्त दुखण्यांचा संबंध जुना आहे. एलिझाबेथ बीलबी नावाची मिशनची एक बाई लखनौमध्ये स्त्रियांना औषधपाणी करीत असता १८८१ साली पन्नाच्या महाराणीने तिला उपचारासाठी बोलावून घेतले, आणि ती आता विलायतेस परतणार असे कळल्यावर हिंदुस्थानातल्या बायका आजारपणात काय भोगतात हे व्हिक्टोरिया राणीच्या कानी घालण्याचा निरोप तिच्या हवाली केला. तो गळ्यातल्या लॉकेटात मावावा म्हणून बारीक अक्षरांत लिहून घ्यावयास लावला, अशी हकीकत आहे. राणीने तो मनावर घेतला, आणि १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्याचा जो निधी उभा राहिला त्याच्या मुळाशी ही घटना सांगितली जाते. लखनौच्या डफरिन रुग्णालयाचे नाव आता वीरांगना अवंतीबाई महिला चिकित्सालय असे आहे, तरी लोकांच्या तोंडी अद्याप डफरिनच. पुढे १९११ साली मच्छी भवनाच्या जागेवर किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या जोडीला क्वीन मेरी हे स्त्रियांचे रुग्णालय आले, आणि आज अवधातल्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून अडलेल्या बायका तेथे आणल्या जातात. पुरुष वैद्याला दाखवण्याची लाज ही पन्नाच्या महाराणीच्या काळची अडचण. ती बऱ्याच अंशी दूर झाली. मुळात हे दुखणे कोणालाही सांगण्याजोगे आहे, असे बायकांना वाटावे, यासाठी मात्र कोणी निधी उभारला नाही.

ते सांगितले गेले तर काय निघते, हे महाराष्ट्राच्या एका कोपऱ्याने जगाला दाखवून दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनी ६५० बायकांची तपासणी केली, आणि १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा शेकडा ९२ बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे, आणि यापूर्वी कधीही तशी तपासणी झालेल्या बायका शेकडा ८ च असल्याचे, उघड झाले. तोवर खेड्यातली बाई म्हणजे गर्भ आणि कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट, एवढेच सरकारी दप्तराला ठाऊक होते. त्या निबंधानंतर निदान विद्वानांच्या परिषदांतून भाषा पालटली. दप्तर पालटावयास अजून अवकाश आहे.

रिंगेसारखे साधन काही आजचे नव्हे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात योनिव्यापदांच्या चिकित्सेत खाली उतरलेल्या अंगाला तूप चोळून, दुधाने शेक देऊन, ते आत सारून, वर वेसवार म्हणजे मांसाचा लगदा बसवून बंध बांधण्याचा विधी सांगितला आहे. ग्रीक वैद्य अर्धे डाळिंब आत बसवीत. सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या अँब्रोज पारेने पितळेची आणि मेण लावलेल्या बुचाची साधने वर्णिली. आणि १८४४ साली चार्ल्स गुडइयरने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे एकस्व घेतल्यानंतर कुजणाऱ्या, गंजणाऱ्या वस्तूंतून बायकांची सुटका होण्याचा मार्ग खुला झाला. इतक्या देशांत इतक्या काळ वैद्य पुनःपुन्हा याच उपायाकडे वळले. तो विसाव्या शतकात मागे का पडला, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर थोडे आपल्याच घरात सापडते.

गोव्यातल्या शिरोड्याला १८९९ साली जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर आणि त्यांच्यामागून आलेले भालचंद्र नीलकंठ पुरंदरे, या मुंबईच्या दोघा शल्यविशारदांनी गर्भाशय न काढता ते वर ओढून बांधून ठेवण्याच्या ज्या शस्त्रक्रिया योजल्या, त्या आजही त्यांच्या नावांनी शिकवल्या जातात. ज्या तरुण स्त्रीला अद्याप मूल हवे आहे, तिचे गर्भाशय वाचवावे हा त्यांमागचा विचार थोर होता, आणि मराठी माणसाने त्यांचा अभिमान बाळगावा हे योग्यच आहे. परंतु नाव शस्त्रक्रियेला मिळते. व्याख्यान तिच्यावर होते, परीक्षेत प्रश्न तिच्यावर येतो, तरुण डॉक्टरचा हात तिच्यावर बसतो. रिंगेपुढे कोणा हिंदी शल्यविशारदाचे नाव लागलेले नाही, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांत तिची जागा ठरीव आहे: गर्भिणी असेल, नुकती बाळंत झाली असेल, शस्त्रक्रिया सोसण्याजोगी प्रकृती नसेल, किंवा शस्त्रक्रियेची वाट पाहत असेल, अशा बाईला तात्पुरता टेकू. जी बाई सशक्त आहे, जिला शस्त्रक्रिया झेपेल, पण जिला ती नको आहे, तिच्या ‘नको’ला त्या यादीत शेवटी कोठेतरी, नाइलाज म्हणून, स्थान मिळते. यातूनच हा समज रुजला की रिंग देणे म्हणजे उपचार करावयाचे टाळणे.

शस्त्राचा दबदबा मात्र वाटतो तितका निरपवाद नाही. नुसते गर्भाशय काढले आणि सैल झालेल्या बंधांची दुरुस्ती नीट केली नाही, तर पुढे योनीचा माथाच खाली येतो, आणि ते निस्तरणे पहिल्याहून कठीण. ही दुरुस्ती कृत्रिम जाळीने पक्की करण्याची टूम पाश्चात्त्य देशांत निघाली; ती जाळी मांसात रुतून, वेदना देऊन, कित्येकींचे आयुष्य नासून गेल्यावर इंग्लंडने २०१८ साली तिचा वापर थांबवला आणि अमेरिकेने २०१९ साली योनीमार्गे बसवावयाच्या अशा जाळीची विक्री बंद केली. शस्त्रक्रियेवाचून भागतच नाही अशा बायका आहेत, पुष्कळ आहेत, आणि त्यांना ती वेळेवर व निष्णात हातांनी मिळावी. माझे म्हणणे एवढेच की रिंग आधी दाखवावी, आणि निवड बाईला करू द्यावी. इंग्लंडच्या २०१९ च्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत रिंगचा विचार ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंच्या व्यायामासह किंवा त्यावाचूनही करावा, असे सांगितले आहे. तेथे ती वृद्धांचा टेकू मानली जात नाही.

हॉलंडमध्ये ४४० स्त्रियांवर झालेला आणि २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला तुलनात्मक अभ्यास या वादात दोन्ही पक्षांना थोडे थोडे खजील करणारा आहे. दोन वर्षांअखेर आपल्याला बरे वाटले असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण रिंगच्या गटात शेकडा ७६ आणि शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा ८१ असे आले, आणि रिंग शस्त्रक्रियेहून कमी नाही असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा संशोधकांना मिळाला नाही. शिवाय रिंगने आरंभ केलेल्यांपैकी शेकडा ५४ स्त्रियांनी त्या मुदतीत शस्त्रक्रिया करून घेतली. रिंगच्या भक्तांनी हा आकडा लपवू नये. तथापि तोच आकडा उलट बाजूने वाचला तर त्याचा अर्थ उरलेल्या, म्हणजे निम्म्याला थोड्या कमी स्त्रियांवर दोन वर्षांत शस्त्र चालवावे लागले नाही, असा होतो. आणि जेथे शस्त्रक्रियेची खाट मिळावयास महिनेच्या महिने लागतात, भूल देणारा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणीच सापडतो, आणि बाईच्या विश्रांतीचे दिवस म्हणजे घराच्या उत्पन्नातली तूट, तेथे या निम्म्यांचे मोल हॉलंडहून कितीतरी अधिक आहे.

आता रिंगच्या खऱ्या दोषाकडे. रिंग ही बसवून विसरण्याची वस्तू नव्हे. काढल्याधुतल्यावाचून वर्षानुवर्षे आत राहिली तर ती घासून व्रण करते, दुर्गंधी स्राव सुरू होतो, ऋतुनिवृत्तीनंतरच्या कोरड्या त्वचेत रुतून बसते, आणि अगदी क्वचित मूत्राशयात वा गुदाशयात भोकही पाडते. रिंग कोठे बसवली, केव्हा बसवली, आणि आत रिंग आहे हेच बाईच्या स्मरणातून गेलेले असते, अशा हकिकती प्रत्येक अनुभवी डॉक्टरच्या गाठीला असतात. हा दोष रिंगचा म्हणावयाचा की व्यवस्थेचा? शस्त्रक्रियेला शल्यविशारद लागतो. रिंगला लागते ती नोंदवही: नाव, माप, बसवल्याची तारीख, फेरतपासणीची तारीख, आणि बाई आली नाही तर तिच्या दाराशी जाऊन विचारणारे कोणीतरी. आमच्या सरकारी आरोग्यखात्याला यांपैकी पहिल्या चार गोष्टी ब्रिटिश अमदानीपासून उत्तम साधतात, आणि पाचवीही त्याने अलीकडे साधली आहे.

ती पुन्हा गडचिरोलीचीच देणगी. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघर निगा राखण्याची जी पद्धत बसवली, तिने नवजात बाळांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मधून सिद्ध झाले, आणि २०११ पासून ती पद्धत साऱ्या देशाने उचलली. तिच्या बरहुकूम आज मलिहाबादच्या आमराईतल्या एखाद्या पुरव्यात, काकोरीत, मोहनलालगंजात, जिला येथे आशा बहू म्हणतात ती कार्यकर्ती बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते, छापील नमुन्यात खुणा भरते. म्हणजे बायकांच्या अंगणापर्यंत पोहोचणारी वाट आहे, तिच्यावरून चालणारी माणसे आहेत, त्यांना मोबदला देणारे खाते आहे. त्याच माऊलीला ‘खाली काही उतरल्यासारखे वाटते का, लघवीला त्रास होतो का, हंडा कोण भरते’ असे तीन प्रश्न विचारावयास आणि कागदावर खूण करावयास कितीसा वेळ लागेल? स्नायूंचा व्यायाम शिकवण्याची हीच घटका. बाळासाठी बांधलेल्या या वाटेवरून आईची विचारपूस अद्याप झालेली नाही, ती खात्याच्या कृपणतेमुळे, असेही नव्हे. बेचाळीस दिवस भरले की बाईचे बाळंतपण कागदोपत्री संपते, आणि पुढच्या गरोदरपणापर्यंत तिच्या शरीराशी दप्तराचे देणेघेणे उरत नाही.

उत्तर प्रदेशाच्या सीमेपलीकडच्या नेपाळात मात्र हा मामला न्यायालयापर्यंत गेला. तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, अंग बाहेर येण्याचे दुखणे इतक्या प्रमाणावर उपेक्षित राहणे हा स्त्रियांच्या प्रजननविषयक हक्कांचा भंग होय, असा निर्वाळा देऊन सरकारला उपाययोजनेचा हुकूम केला. आरोग्य शिबिरांतून रिंगा वाटल्या गेल्या, शस्त्रक्रियाही मोफत झाल्या. पण रिंग घेऊन डोंगरावर परत गेलेल्या बाईची फेरतपासणी कोणी करावयाची, या प्रश्नाने तेथेही घोटाळा केला. शिबिराला उद्घाटन असते, पाहुणे असतात, छायाचित्र असते. फेरतपासणीला यांपैकी काही नसते.

आणि बीड. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, तेव्हा सारा महाराष्ट्र चार दिवस हळहळला. त्या शस्त्रक्रिया सगळ्याच अंग बाहेर येण्यासाठी झाल्या असे नव्हे. पांढरे जाण्यापासून पाळीच्या खाड्याच्या दंडापर्यंत त्यांची कारणे नाना प्रकारची होती, आणि त्यांत मुकादम, दवाखाने आणि भय यांचे वाटे निरनिराळे होते. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणा, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यांना बजावले, हे स्वागतार्हच आहे. परंतु अनावश्यक शस्त्रक्रिया करू नका एवढे सांगून डॉक्टर गप्प बसला, तर बाई पुन्हा दुपट्ट्यावर येते. मनाई करणाऱ्या आदेशाच्या जोडीला काय करावे हे सांगणारा आदेश असावा लागतो: प्रत्येक जिल्हा महिला रुग्णालयाच्या आणि सामुदायिक आरोग्य केंद्राच्या साठ्यात रिंगांची सारी मापे, त्या बसवण्याचे शिक्षण घेतलेली निदान एक परिचारिका, आणि रिंगच्या बाह्यरुग्ण उपचाराचा खर्च आयुष्मान योजनेतून वा राज्याच्या निधीतून देण्याची मंजुरी. परिचारिकेच्या नावाने भुवया उंचावणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की इंग्लंडात परिचारिका आणि भौतिकोपचारतज्ज्ञ हे काम नित्य करतात. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ३४० स्त्रियांवरच्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत, रिंग स्वतः काढून धुऊन बसवणाऱ्या स्त्रियांचे जीवन दवाखान्यात खेटे घालणाऱ्यांइतकेच सुखाचे राहिले, उपद्रव मात्र कमी झाले, आणि खर्चही वाचला.

उरतो तो डॉक्टरांचा नेहमीचा आक्षेप, की रिंग घेतलेली बाई परत येत नाही. स्वतःसाठी ती येत नाही, हे खरे आहे. पण बाळाची पहिली मोठी लस सहाव्या आठवड्याला असते, त्यानंतरच्या दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, पुढे नवव्या महिन्याला, आणि या प्रत्येक दिवशी सून घरकामात असली की नातवाला घेऊन रांगेत उभी राहणारी असते ती बहुधा सासू, म्हणजे नेमक्या त्या वयाची बाई जिला हे दुखणे अधिक छळते आणि जिला विचारणारे कोणी नसते. बाळाच्या कार्डावर लसीच्या तारखेचा शिक्का मारला जातो. आजीच्या हाती रिंगच्या फेरतपासणीचे निराळे कार्ड देऊन त्यावर तीच तारीख घातली, आणि लसीच्या दिवशी शेजारच्या खोलीत पडदा, पाणी, हातमोजे आणि एक शिकलेली परिचारिका एवढी सोय ठेवली, तर बाळाच्या मिषाने आजीचीही तपासणी होऊन जाईल, आणि जिचे बाळ मोठे झाले पण दुखणे राहिले अशा आपासारखीला कोणत्या दिवशी यावयाचे, हे आशा बहू तिच्या दाराशी सांगू शकेल.